सांदवाडीतली पत्र्याची खोली: चांगली, पण मे महिन्यात नाही

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी कोरायला स्वतःची जागा हवी, हे माझं जुनं खूळ. बायको म्हणे, ओसरीवरचा भुसा आता माझ्यानं झाडणं होत नाही. शेवटी तालुक्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, १० बाय १२ फुटांची पत्र्याची खोली उभी करून घेतली.

सांगाडा दणकट. वेल्डिंग साफ, दाराची कडी एका बोटानं सरकते. पण पठ्ठ्यानं छताच्या स्क्रूंना रबरी वायसरच लावले नाहीत! मृगाच्या पहिल्याच सरीत अर्धवट कोरलेल्या नंदीच्या वशिंडावर टपटप पाणी. लाकूड सागाचं म्हणून वाचलं. चार फोन केले, चारदा "उद्या येतो भाऊ" ऐकलं; मग मीच शिडी लावून चढलो.

आणि ऊन! आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की दुपारी पटाशी हातात धरवत नाही. आता पत्र्यावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) अंथरल्या, आतून बुरडाकडचे बांबूचे तट्टे ठोकले. बरंच निवलं. हा खर्च आधीच धरून चाला. खिडकी उत्तरेलाच मागा, थेट ऊन कामावर फारसं येत नाही.

पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा त्या कडीचा.