जावळाचं पाकीट परत आलं, तरी माझे डोळे उघडले नाहीत

४७,१४८ रुपये. लेकीचं वजन वाढवून देतो म्हणणाऱ्या मोबाईलवरच्या भामट्यांनी घेतले ते. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तोच विचारतात. ऐकल्यावर समोरच्याच्या तोंडावर आधी कीव येते आणि मग 'एवढा शिकलेला माणूस?' असं येतं, तेही आता पाठ झालंय. मी पतसंस्थेत कर्जविभागात आहे. खोट्या पगारस्लिपा पकडणं हे माझं रोजचं काम. काउंटरवरचा 'ओटीपी कोणालाही सांगू नये' हा कागद मीच टाईप करून चिकटवलाय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पण पुढचं वाचा. विशेषतः घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल आणि ते अंगी लागत नसेल तर.

आमची ठमी जन्मली तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होती. सहा महिन्यांची झाली तेव्हा ७ किलो १००. उष्टावणाच्या फोटोत गाल नुसते वर आलेत. त्यानंतर सगळ्या घरांत होतं तेच आमच्याकडे झालं: गव्हाचं सत्त्व, रव्याची खीर, दुधात बुडवलेलं बिस्कीट. आणि वजन अडलं. वर्षाला ७ किलो ९००. दीड वर्षाला ८ किलो १००, म्हणजे सहा महिन्यांत दोनशे ग्रॅम. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, ढुंगणावरची कातडी म्हाताऱ्या माणसासारखी लोंबायला लागलेली. शी पांढरट, ढीगभर, आणि वास असा की दुपटी अंगणात नेऊन धुवायला लागायची. दिवसभर किरकिर. हिमोग्लोबिन ८.२, तीन महिने लोहाचं औषध दिल्यावर ८.४.

आम्ही डॉक्टर केले नाहीत असं कुणी म्हणू नये. चार केले. एकानं जंताचं औषध दिलं, दुसऱ्यानं टॉनिक, तिसऱ्यानं दुसरं टॉनिक. चौथे म्हणाले, "आईबाप तरी कुठं जाड आहेत?" खरं बोललं एकच माणूस, आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई. त्यांनी ते माता-बाल कार्ड उघडलं, वजनाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दादा, मूल बारीक असलं तरी त्याची रेघ वर चढते. हिची आडवी चाललीय. मोठ्या दवाखान्यात दाखवा." मी मान हलवली. मनात म्हटलं, यांना काय कळतंय. मानधनावरची बाई फुकट खरं सांगत होती, ते मला हलकं वाटलं. पैसे घेऊन खोटं सांगणारी मोबाईलवरची मॅडम मात्र तज्ज्ञ वाटली.

ती जाहिरात रात्री पावणेबाराला दिसली. ठमी रडून रडून नुकती झोपली होती. 'बाळाचं वजन वाढत नाही? आई, दोष तुझा नाही.' एवढंच वाक्य. पण माझ्या बायकोला वर्षभर नात्यातल्या बायकांनी 'तुझं दूधच पातळ' म्हणून सोलून काढलं होतं. ती मोबाईल धरून रडायला लागली. त्या क्षणी त्या जाहिरातवाल्या मॅडमनी माझ्या पगाराची चिठ्ठी मागितली असती तरी मी दिली असती.

पुढची रीत तुम्हाला माहीतच आहे. फुकट फोन, मग ग्रुप, मग 'आधी-नंतर'चे फोटो, मग 'आज रात्री बारापर्यंतच'. ग्रुपवर रोज सकाळी कुठल्यातरी आईचा निरोप यायचा की बाळ चारशे ग्रॅम वाढलं. त्या सगळ्या आया एकसारख्याच चुकीचं शुद्धलेखन करायच्या, हे मला नंतर दिसलं.

कुठं किती गेले ते लिहितो. नोंदणी ४९९. केसांवरून '२१६ पदार्थांची तपासणी' ६,५००. तीन महिन्यांचा संच १८,९००. परदेशी एन्झाइम कस्टममध्ये अडकलंय म्हणून ४,२००. गोल्ड प्लॅन ९,९९९. भुकटीचे जादा तीन डबे, २,३५० प्रमाणे ७,०५०. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. कंपनीच्या नावाचं खातं एकदाही नाही. हे एक लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आता ते पाकीट. तपासणीसाठी बाळाच्या केसांची बट कुरिअरनं पाठवायची होती. माझी आई आडवी आली. ठमीचं जावळ तुळजापूरला काढायचं ठरलं होतं, त्याआधी केसाला कात्री लावायची नाही म्हणाली. मी आईला बोललो ते लिहितानाही लाज वाटते. म्हटलं, "तुझ्या देवीनं वाढवलं का वजन?" आई गप्प झाली. मग तिनंच ठमीला मांडीवर घेऊन कानामागची बारीकशी बट कापली, तिला लाल दोऱ्यानं गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. शुक्रवारी मी १४० रुपये भरून कुरिअर केलं (हे वरच्या हिशोबात धरलेलं नाही).

मंगळवारी रिपोर्ट आला. अकरा पानं, लाल-पिवळे-हिरवे पट्टे, खाली सही.

गुरुवारी शिपायानं माझ्या टेबलावर एक पाकीट आणून टाकलं. माझंच अक्षर. वर शिक्का: पत्ता अपूर्ण, परत. मी न फोडता चाचपून बघितलं. आत दोऱ्याची गाठ बोटाला लागली.

ज्या केसांचा अकरा पानी रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये होता, ते केस माझ्या हातात होते. यापेक्षा स्पष्ट अजून काय पाहिजे होतं? कर्जाच्या फायलीत असा कागद आला असता तर मी त्या माणसाला चहा न पाजता घालवला असता. मी झेरॉक्स मशीनच्या मागं जाऊन मॅडमना फोन लावला. त्या एक क्षणही अडखळल्या नाहीत. "सर, प्राथमिक स्कॅन बाळाच्या फोटोवरून होतो. केस फक्त कन्फर्मेशनला लागतात. तुम्ही नका काळजी करू, बाळावर लक्ष द्या."

आणि मी "बरं मॅडम" म्हणालो.

पाकीट ड्रॉवरमध्ये रेव्हेन्यू स्टॅम्पांच्या खाली ठेवलं. घरी सांगितलं नाही, कारण बायकोनं जो प्रश्न विचारला असता तो मला स्वतःला विचारायचा नव्हता. तोवर फक्त ६,९९९ गेले होते. उरलेले ४०,१४९ मी पाकीट हातात आल्यानंतर पाठवलेत. माझी बाजू मांडायची तर एवढीच मांडतो: वर्षभर कुणी 'हे असं आहे' म्हणून कारणच सांगितलं नव्हतं. त्या रिपोर्टात कारण होतं. खोटं होतं, पण छापलेलं होतं.

काय होतं त्यात? ज्वारी लाल, तांदूळ लाल, शेंगदाणे आणि अंडं लाल. गहू हिरवा. आमचा सोलापूर जिल्हा, घरात बारा महिने मालदांडी ज्वारीची भाकरी. भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून ठमी खायची, तेवढंच तिच्या पोटात टिकायचं. ते आम्ही बंद केलं. त्याऐवजी दिवसातून तीनदा त्यांची भुकटी. वजन उतरायला लागलं तर मॅडम म्हणे, "शरीर विष बाहेर टाकतंय, आधी उतरणारच." चार महिन्यांत ८ किलो १०० वरून ७ किलो ६००. कार्डावरच्या सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली.

मग जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला मुलांच्या पोटविकाराच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, डबा आणलाय का? बायकोनं पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो उलटा करून चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरांतलं मोठ्यानं वाचलं. गहू. बार्ली माल्ट. साखर. दूध पावडर. २,३५० रुपयांचं गव्हाचं सत्त्व, जे माझी आई गहू भिजवून, वाटून, वाळवून शंभर रुपयांत करते.

रक्ताची एक तपासणी, टीटीजी नावाची, १,४५० रुपये. आकडा एवढा वर की डॉक्टरांना नवल वाटलं नाही. मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला. सिलिॲक. गहू, जव (म्हणजेच बार्ली), राय यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं आतलं अस्तर खरवडून काढतं. मग खाल्लेलं अंगाला लागत नाही, लोहही शोषलं जात नाही. म्हणूनच टॉनिकनं काही होत नव्हतं. आणि गहू आहारात सुरू झाला तेव्हाच ती रेघ आडवी झाली होती. उलटं गणित कुणीच मांडलं नाही, मीही नाही.

एक गोष्ट कान उघडे ठेवून वाचा: शंका आली म्हणून तपासणीआधी स्वतःच गहू बंद करू नका. मूल गहू खात असतानाच ही तपासणी खरं सांगते. त्या भामट्यांचा आमच्यावर एकच उपकार, तपासणीच्या दिवसापर्यंत त्यांनी लेकीला भरपूर गहू चारला.

केसांवरून कुठलाही पदार्थ बाधतो की नाही ते कळत नाही. रक्तातल्या 'आयजीजी' नावाच्या प्रथिनावरून दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्याही या कामाच्या नाहीत, अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी हे स्पष्ट सांगितलंय. 'डॉ.' लावणाऱ्या माणसाला पहिल्याच फोनवर नोंदणी क्रमांक विचारा. आमच्या मॅडमनी मला चार महिन्यांत एकाही कागदावर तो दिला नाही आणि मी मागितला नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक कसली?" म्हटलं, साहेब, खोटा रिपोर्ट दिला. म्हणाले, "हे दिवाणी आहे, वकील बघा." दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला म्हणे सायबरला जा, जिल्ह्याला. तिथं गेलो तर सर्व्हर बंद. पुन्हा गेलो तर संभाषण कागदावर पाहिजे, तेही रंगीत. मी दहा रुपये पानानं ६४ पानं काढून नेली. त्यात ग्रुपमधले निम्मे निरोप नव्हतेच, कारण त्या लोकांनी निरोप सात दिवसांत आपोआप पुसले जातील अशी सोय करून ठेवली होती. (ग्रुपवर तशी सूचना दिसली की त्याच दिवसापासून स्क्रीनशॉट काढायला लागा.) तिथल्या एका माणसानं कागद चाळता चाळता विचारलं, "पोरगी बरी आहे ना आता? मग झालं की." मी सात वेळा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. प्रत्येक ठिकाणी मलाच आरोपीसारखं उभं केलं.

अन्नाची तक्रार घेणाऱ्या कार्यालयात डबा घेऊन गेलो. त्यावरचा परवाना क्रमांक तेरा आकडी होता. तो चौदा आकडी असतो, मोजून बघा, घरातल्या कुठल्याही पाकिटावर. साहेब म्हणाले, "छपाईची चूक असेल." आणि डबा उघडलेला, म्हणून नमुना घेता येत नाही. अहो, लेकराला भरवलंय, उघडणारच की! दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायलाच १९९२ च्या कायद्यानं आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीनं बंदी आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडेच त्या कायद्याची झेरॉक्स मागितली. दिली. पोच मिळायला महिना गेला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात. चार महिन्यांनी करून रक्कम गोठवायला काही उरत नाही. ही चूक माझीच. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, तिथं मी गेलोय, तारीख लागलीय. आणि तक्रार केल्यावर आठवड्याभरात 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी १,५०० भरा' असाही फोन आला. त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

ठमी आता अडीच वर्षांची. वजन १० किलो २००. घरात गहू आणणंच बंद केलंय, आई-बाबांची पोळी गेली ती गेली. तरी दोनदा पोट बिघडलं. पहिल्यांदा हिंगामुळे, बांधणीच्या म्हणजे मिसळ करून बनवलेल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो हे आम्हाला कुठं ठाऊक. दुसऱ्यांदा गिरणीमुळे, आमच्या ज्वारीआधी कुणाचा तरी गहू दळलेला. मग हप्त्यावर घरघंटी घेतली. अंगणवाडीच्या ताई परवा घरी येऊन वजन करून गेल्या. त्यांची माफी मागायची होती, पण त्यांनी ठिपका मांडला, "चढली बघा रेघ" म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

पाकीट अजून ड्रॉवरमध्येच आहे. वकील म्हणतात फोडू नका, शिक्क्यासकट तसंच ठेवा, तोच सगळ्यात मोठा पुरावा. आई दर पौर्णिमेला विचारते, जावळाला तुळजापूरला कधी जायचं, आणि ती बट सोबत नेता येईल ना.