गरोदरपणातील विषाणुसंसर्गावरचा वर्ग : पुण्यातील एका प्रसूतिगृहाच्या सेवेविषयी

कर्वे रस्त्यालगतच्या एका प्रसूतिगृहात गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या घरच्यांसाठी शनिवारी दुपारी अडीच तासांचा एक वर्ग घेतला जातो. आईला विषाणूंचा संसर्ग झाल्यास पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो आणि तो कसा टाळता येतो, एवढाच त्याचा विषय आहे. जोडप्याचे शुल्क पाचशे रुपये असून नाव आधी नोंदवावे लागते. मी बालवाडीत शिकवते, मला सहावा महिना चालू आहे, आणि ताप अंगावर काढून येणाऱ्या मुलांमध्ये दिवसभर वावरत असल्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा होता. वर्ग मनापासून शिफारस करावी असा आहे. मात्र तो ज्या टप्प्यावर घेतला जातो, त्याबद्दल माझी गंभीर तक्रार आहे.

वर्ग घेणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी भिंतीवर एक लांब कागदी पट्टी लावली होती. तिच्यावर चाळीस आठवड्यांचे चाळीस चौकोन आखलेले होते, आणि एकेक विषाणू समजावताना बाई त्याच्या धोक्याच्या आठवड्यांवर रंगीत कागद चिकटवत होत्या. रुबेलाचा गडद लाल कागद पहिल्या बारा चौकोनांवर बसला. डोळे, कान आणि हृदय घडण्याचा हाच काळ असल्यामुळे या आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर ९० टक्क्यांपर्यंत बाळांना जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयातील दोष यांपैकी काही ना काही होऊ शकते. सोळाव्या आठवड्यानंतर धोका झपाट्याने उतरतो आणि विसाव्यानंतर तो क्वचितच उरतो. आईला मात्र थोडासा ताप आणि दोन-तीन दिवसांचे पुरळ यापलीकडे काही जाणवेलच असे नाही. या दोन गोष्टींचा संबंध १९४१ मध्ये नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञाने प्रथम मांडला. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचे त्यांच्या लक्षात आले होते.

कांजिण्यांचा कागद दोन ठिकाणी लागला. विसाव्या आठवड्यापर्यंत बाळात व्यंग येण्याची शक्यता जास्तीत जास्त दोन टक्क्यांच्या आसपास असते; परंतु प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर पुरळ उठले, तर तिची प्रतिपिंडे (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली संरक्षक प्रथिने) बाळापर्यंत पोहोचण्याआधीच विषाणू पोहोचतो आणि नवजात बाळाचा आजार जिवावर बेतू शकतो. हिपॅटायटिस बीचा धोका मुख्यतः प्रसूतीच्या वेळचा, म्हणून बाधित आईच्या बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस आणि तिच्यासोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, द्यायचे असते. कोणता विषाणू, याइतकाच कोणता आठवडा हा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे त्या पट्टीने जितके स्पष्ट केले तितके माझ्या वाचनात कोठेही आले नव्हते.

त्यानंतर टॉर्च चाचणीची, म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांसाठी आईच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासणाऱ्या चाचणीची, चर्चा निघाली आणि माझ्या मते वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग हाच होता. एका ताईंच्या अहवालात आयजीजी या प्रतिपिंडापुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापलेले होते आणि त्यावरून त्यांच्या घरी कितीतरी दिवस कोणाला धड झोप लागली नव्हती. बाईंनी अहवाल शांतपणे वाचला आणि आयजीजी म्हणजे बहुधा पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असते, रुबेलाच्या बाबतीत तर ती संरक्षणाची खूण म्हणून चांगलीच, हे त्यांच्या सासूबाईंना समजेल अशा शब्दांत सांगितले. सहसा नव्या संसर्गात दिसणारे आयजीएम हे प्रतिपिंड पॉझिटिव्ह आले तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, कारण ते काही वेळा चुकीचे पॉझिटिव्ह येते आणि काही वेळा जुन्या संसर्गानंतरही महिनोन्महिने टिकून राहते. अशा वेळी अ‍ॅव्हिडिटी चाचणीने संसर्ग नवा की जुना याचा अंदाज घेता येतो. लक्षणे नसताना आणि सोनोग्राफीत काही आढळलेले नसताना ही चाचणी सरसकट करण्याची गरज नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

माझ्या कामाशी थेट संबंध होता तो सायटोमेगॅलो विषाणूचा. हा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो आणि जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक नसलेल्या कारणांत तो आघाडीवर आहे. जन्मतः ठीक वाटणाऱ्या बाळाचे ऐकणे पुढे कमी होऊ शकते, म्हणून त्याच्या कानांची तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, तरी तो पुन्हा होऊ शकतो. बाईंनी स्टीलची वाटी आणि चमचा हातात घेऊन, मोठ्या मुलाला भरवताना आई कशी नकळत चमचा स्वतःच्या तोंडाला लावून वरण गरम आहे का ते पाहते आणि शेवटी त्याचे उष्टे संपवते, हे करून दाखवले, तेव्हा समोरच्या सगळ्याजणींनी माना डोलावल्या. मुलाचे उष्टे खाऊ नये, पापा ओठांवर न घेता कपाळावर घ्यावा, नाक पुसल्यावर आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत, ही बाईंची शिकवण मी बालवाडीत तंतोतंत पाळते आहे.

झिकाला मात्र शेवटची जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली, आणि पुण्यातल्या वर्गात हे मला अजिबात पटले नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात जे रुग्ण सापडले त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या, आणि सुरुवातीचे रुग्ण ज्या एरंडवण्यातले होते, ते या प्रसूतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बहुतेक बाधितांना लक्षणेच नसतात, तरी बाळाच्या मेंदूची वाढ खुंटून डोके लहान राहू शकते. त्यामुळे संसर्ग निश्चित झाल्यास ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून वाढीवर लक्ष ठेवतात. हा विषाणू दिवसा चावणाऱ्या एडिस डासाप्रमाणेच शरीरसंबंधातूनही पसरतो, हे एका नवऱ्याने प्रश्न विचारल्यावरच सांगण्यात आले. ते न विचारता सांगायला हवे होते. पावसाळ्यातल्या दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ईची कावीळ शेवटच्या तिमाहीत आईच्या जिवाला धोका ठरते, तिचाही उल्लेख ओझरताच झाला.

वर्ग मराठीत असूनही सोबत दिलेले माहितीपत्रक इंग्रजीत होते, त्यामुळे सासूबाई-आईंना ते घरी वाचता येत नाही. माझी मुख्य तक्रार मात्र नोंदणीच्या नियमाची आहे. येथे पाचवा महिना लागल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही. म्हणजे पट्टीवरचे सर्वांत लाल चौकोन उलटून गेल्यावर त्यांची माहिती मिळते. रुबेलाची लस जिवंत विषाणूची असल्यामुळे गरोदरपणात देत नाहीत आणि ती घेतल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळायची असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात सुरू झालेली गोवर-रुबेला लसीकरण मोहीम नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी होती, त्यामुळे आज पंचविशी ओलांडलेल्या स्त्रिया तिच्यात आलेल्याच नाहीत. हा वर्ग नवविवाहित जोडप्यांसाठी खुला करावा, असे मी अभिप्राय-वहीत लिहून आले आहे. तो बदल होईपर्यंत, मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांकडे रुबेला आयजीजी चाचणी आणि लस यांची चौकशी आधीच करावी, आणि पाचवा महिना लागताच या वर्गात नाव नोंदवून जमल्यास नवऱ्यासोबत सासूबाईंनाही घेऊन जावे.