792 वर पुणे केंद्र का लागत नव्हतं

2013 च्या दसऱ्याला मी 36,000 रुपयांचा एव्ही रिसीव्हर घेतला, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज स्पीकरना देणारा ॲम्प्लिफायर, आत रेडिओही असलेला. पुढच्या दिवाळीच्या आत तो जळाला. दुकानदारानं मला नेमकं कसं फसवलं हे कळेपर्यंत माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. बिलाविना असा माल आजही मिळतो, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आमच्या घरात गाण्याचं वेड बाबांचं. 1989 साली त्यांनी हप्त्यांवर एक म्युझिक सिस्टिम घेतली होती. लाकडी कॅबिनेटचे दोन स्पीकर, कॅसेट डेक आणि काटा सरकवायचा रेडिओ. डायलच्या काचेवर पुणे केंद्राच्या जागी आईनं लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, म्हणजे सकाळी अंधारातही काटा बरोबर तिथं आणता यावा. पुढं रंगीत टीव्ही आला, व्हीसीडी प्लेअर आला. 2003 मध्ये मी पाच स्पीकर आणि एका सबवूफरचं होम थिएटर आणलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘5000 वॅट पीएमपीओ’ (आवाजाच्या ताकदीचा जाहिरातीतला आकडा) लिहिलं होतं आणि यंत्राच्या मागं विजेचा खप होता 65 वॅट. जो डबा पासष्ट वॅट ओढतो तो पाच हजार वॅटचा आवाज कुठून देणार? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. आवाज मोठा होता, मी खूश होतो. दहा वर्षांनी मात्र चांगला रिसीव्हर हवा असं ठरवलं, एचडीएमआय असलेला, जो टीव्ही आणि ब्लू-रे दोन्ही सांभाळेल.

कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडं मला हवं ते मॉडेल 52,000 ला होतं. शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात तेच मॉडेल, त्याच कंपनीचं, सीलबंद, 36,000 ला. मी कारण विचारलं. दुकानदार म्हणाला, “साहेब, आमचा माल डायरेक्ट येतो. पक्कं बिल घेतलंत तर साडेबारा टक्के व्हॅट लागेल. वॉरंटी आमच्या दुकानाची, एक वर्ष, डोळे झाकून.” हातात आला तो एस्टिमेटचा कागद. त्यावर ‘ॲम्प 1 नग’ एवढंच. मॉडेल नंबर नाही, सिरीयल नंबर नाही. वर त्यानं एक जडसा लोखंडी डबा फुकट दिला. “स्टॅबिलायझर आहे, महागाची वस्तू आहे, याच्यावरच चालवा.” जुनी सिस्टिम एक्स्चेंजमध्ये घेतो म्हणाला, दीड हजार कमी केले. बाबांची सिस्टिम मी त्याच दिवशी रिक्षात घालून दुकानात पोचवली. बाबांना मी विचारलं होतं, ते हो म्हणाले होते. पण त्यांचा होकार माझ्या उत्साहाकडं बघून होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिल्या आठवड्यातच बाबा म्हणाले, “अरे, पुणे केंद्र नीट लागत नाहीये. 790 येतं, मग एकदम 800. मधे 792 नाहीच.” आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर 792 किलोहर्ट्झला लागतं. आवाज यायचा, पण निवेदकाचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ चिरकायचा. मी म्हणालो, “बाबा, सिमेंटच्या इमारतीत मीडियम वेव्ह असंच येतं. एरियल खिडकीबाहेर काढू.” काढलं, फरक पडला नाही. मग त्यांनी विविध भारतीचं सांगितलं. 101 लागत नव्हतं, 100.9 नंतर थेट 101.1 यायचं, आणि दोन्हीकडं गाणं फाटल्यासारखं. मी मात्र 91.1, 93.5, 94.3, 98.3 लावून बघितलं. सगळी खणखणीत. म्हणजे रेडिओ चांगला आहे, असा निकाल मी दिला. बाबांनी नंतर विषय काढला नाही. एक छोटा ट्रान्झिस्टर आणून तो उशाशी ठेवला.

आणखी खुणा होत्या. रिसीव्हर नुसता चालू ठेवला तरी गरम व्हायचा, आणि रात्री शांततेत आतून बारीक घूं ऐकू यायची. मोठे ॲम्प गरम होतातच, असं दुकानदार फोनवर म्हणाला.

दिवाळीआधी घराला रंग दिला. सगळं सामान हलवलं आणि परत लावताना भाच्यानं रिसीव्हरची चपट्या पिनांची वायर ॲडॉप्टर लावून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडली. स्टॅबिलायझर नाही लावला तर काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. फट् असा आवाज आला आणि घरभर जळका वास पसरला.

कंपनीच्या सेवा केंद्रात सिरीयल नंबर बघून त्यांनी सांगितलं, हा पीस आमच्यातर्फे भारतात आलेलाच नाही. वॉरंटी सोडाच, पैसे घेऊनही ते हात लावायला तयार नव्हते. शेवटी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, आयुष्यभर ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडं गेलो. त्यांनी मागच्या बाजूला दुकानदाराचं नाव-फोनचं स्टिकर होतं ते नखानं सोलून काढलं. खाली छापलेलं होतं: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ.

अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेलं यंत्र होतं ते. आपल्याकडं 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं. तो ‘स्टॅबिलायझर’ म्हणजे व्होल्टेज निम्म्यावर आणणारा साधा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेज त्यानं उतरवलं, पण हर्ट्झ बदलत नाही. साठ हर्ट्झसाठी आखलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो, घूं करतो. काकांनी मला एकच प्रश्न विचारला, “तुमच्याकडं आकाशवाणी लागायची का हो नीट?” मी गप्प झालो. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या टप्प्यानं असतात, आपल्याकडं नऊ-नऊच्या. म्हणून 790 आणि 800, पण 792 कधीच नाही. तिथलं एफएमही .1, .3, .5 असं विषम आकड्यांवरच थांबतं. मी लावून बघितलेली चारही खाजगी स्टेशनं योगायोगानं विषम आकड्यांवर होती. काही मॉडेलांत हा टप्पा बदलता येतो, माझ्यात ती सोय नव्हती.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं: “स्टॅबिलायझर तुम्ही काढलात, साहेब. मी तर चालवा म्हणून दिला होता.” ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या एका ताईंना भेटलो. त्यांनी सगळ्यात आधी बिल मागितलं. एस्टिमेटचा तो कागद बघून त्या म्हणाल्या की तक्रार करता येईल, पण हाच पीस याच दुकानातून घेतला हे सिद्ध करायला तुमच्याकडं काय आहे? काहीच नव्हतं.

आता असं काही घ्यायला कुणी निघालं तर मी बरोबर जातो. पैसे देण्याआधी खोकं फोडायला लावतो आणि यंत्राच्या पाठीवर छापलेले व्होल्ट-हर्ट्झ वाचतो. तिथं स्टिकर असेल तर काढायला सांगतो. दुकानदार नको म्हणाला तर आम्ही बाहेर पडतो. परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असावीच लागते, कायदाच आहे तसा. सिरीयल नंबर दुकानातूनच कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून कळवायचा, आणि तोच नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्यायचा. ब्लू-रे प्लेअर असेल तर रिजन, म्हणजे कुठल्या देशांच्या डिस्क त्यात चालतात ते, बघायचा, अमेरिकेचा ए आणि आपला सी. फसलाच असाल आणि बिल असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला लगेच फोन करा. ग्राहक आयोगात जायला दोनच वर्षांची मुदत असते.

रिसीव्हर मी भंगारात दिला. बाबांच्या सिस्टिमसाठी त्या दुकानात दोनदा गेलो, ती कधीच विकली गेली होती. मग कितीतरी रविवार जुन्या बाजारात हिंडलो. तशाच दोन सिस्टिम दिसल्या, वाकून डायल बघितले. लाल ठिपका एकावरही नव्हता.