‘एक’ (ache) या एका शब्दावरून शब्दकोशाची पारख
इंग्रजी–मराठी शब्दकोशाचे एक सशुल्क ॲप मी गेले चार महिने अनुवादाच्या कामासाठी वापरतो आहे. कोश पारखायचा तर अवघड शब्दांपेक्षा रोजचे शब्द काढून पाहावेत, म्हणून मी अंगदुखी-डोकेदुखीसाठीचा ‘एक’ (ache) हा इंग्रजी शब्द उघडला.

उच्चार चोख आहे. आम्ही शाळेत स्पेलिंग पाहून त्याला ‘अचे’ म्हणत असू. त्यात दोष सर्वस्वी आमचा नव्हता, कारण जुन्या इंग्रजीत क्रियापदाला ‘क’ आणि नामाला ‘च’ असा उच्चारभेद होता, आणि १७५५च्या कोशात सॅम्युएल जॉन्सन यांनी हा शब्द ग्रीक मुळाचा असल्याच्या गैरसमजातून आजचे स्पेलिंग पक्के केले.

अर्थ मात्र ‘वेदना, पीडा, दुःख’ एवढेच, आणि ‘पेन’ (pain) या शब्दाखालीही हेच तीन. सुई टोचल्यावर होते ते ‘पेन’. ‘एक’ म्हणजे मंद, रेंगाळणारे दुखणे, दिवसभर उभे राहिल्यावर पाय भरून येतात तसे. कळ, चमक, ठणका, ठसठस, रग असे बारकावे मराठीत घरोघरी बोलले जात असताना कोशकाराने ते बाहेर ठेवावेत, हे अनाकलनीय आहे. ‘माय हेड इज पेनिंग’ हे वाक्य तर उदाहरण म्हणून छापले आहे. ‘डोकं दुखतंय’चे ते शब्दशः रूप आपल्याकडे सर्रास चालते, पण प्रमाण इंग्रजीत ‘माय हेड एक्स’ किंवा ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणतात. दातदुखीला ब्रिटिश माणूस बहुधा ‘अ’ न लावता ‘टूथेक’ म्हणतो, अमेरिकन ‘अ टूथेक’. याचीही नोंद नाही.

सर्वांत गंभीर चूक ‘हार्टेक’ची. त्याचा अर्थ ‘छातीत दुखणे’ असा दिला आहे. तो शब्द मनाच्या दुःखाचा, विरहाचा आहे. छातीतल्या कळेसाठी ‘चेस्ट पेन’, आणि ‘हार्टबर्न’ म्हणजे निव्वळ आम्लपित्ताची जळजळ. परदेशी मुलाकडे गेलेल्या आजींनी या कोशाच्या भरवशावर डॉक्टरांना ‘हार्टेक’ सांगितले, तर छाती तपासण्याऐवजी त्यांची समजूत घातली जाण्याची शक्यता अधिक.

‘एक फॉर’चा अर्थ ‘आस लागणे’ असा नेमका दिला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. चुका कळवल्यावर कंपनीकडून ‘नोंद घेतली’ असे उत्तर आले. दोन महिने उलटले, नोंद जशीच्या तशी आहे. उच्चारांसाठी मोफत आवृत्ती ठेवतो आहे, वर्गणी मात्र पुन्हा भरणार नाही.