जुन्या पिकअपचा फोर बाय फोर आणि एक लुकलुकणारा दिवा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो, स्थिर होत नाही, एवढ्याच लक्षणावरून सर्व्हिस सेंटरने ट्रान्सफर केसची (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची) शिफ्ट मोटार संपूर्ण बदलण्याचा सल्ला दिला, तेव्हा मी तपासणीचे पैसे भरून गाडी तशीच परत आणली. बटणाने लागणारा फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देण्याची सोय) असलेल्या या जुन्या डिझेल पिकअपचे इंजिन, मायलेज किंवा हौद्याची क्षमता यांविषयी नव्याने लिहिण्यासारखे काही नाही. ती गाडी ज्यांनी वापरली आहे त्यांना ते ठाऊक आहे. माझी तक्रार आणि माझे कौतुक, दोन्ही या एका दिव्याशी निगडित आहेत.

मोटार बदलण्याचा सल्ला मला पटला नाही, याचे कारण साधे होते. इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून बटण दाबले की सीटखालून मोटार फिरल्याचा आवाज आणि पाठोपाठ एक ‘टक्’ स्पष्ट ऐकू येत होता. मोटार फिरते आहे, मग ती बिघडली कशी, या प्रश्नावर मिळालेले उत्तर ‘कॉम्प्युटरवर तसाच कोड येतो’ एवढेच होते. नव्या मोटारीच्या किमतीचा आकडा मात्र त्यांनी कॉम्प्युटर न पाहताच सांगितला.

या प्रकारच्या गाडीत फोर बाय फोर लागणे म्हणजे एक नव्हे, दोन कामे असतात. आधी ट्रान्सफर केस पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (ताकद पुढच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याला) जोडते आणि ते काम विजेच्या मोटारीने होते. नंतर पुढच्या डिफरन्शियलजवळचा (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीजवळचा), एरवी मध्येच तुटक ठेवलेला ॲक्सल एका सरकत्या कॉलरने (कड्याने) जोडला जातो, आणि ते काम व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा डायफ्राम (रबरी पडदा) करतो. ही दोन्ही कामे पूर्ण झाली की दिवा स्थिर होतो, आणि त्यांपैकी कोणतेही एक अडले तरी तो सारखाच लुकलुकतो. दोन कामांसाठी दोन दिवे दिले असते तर बनवणाऱ्याचा असा कितीसा खर्च वाढला असता? एका दिव्याची काटकसर त्यांनी केली आणि तिची भरपाई मेकॅनिकच्या अंदाजावर सोडली. अंदाज नेहमी महागड्या भागापासून सुरू होतो.

दोघांपैकी कोण अडले आहे हे जॅक आणि हात वापरून कळते. इंजिन चालू असताना फोर-हाय (नेहमीच्या वेगाचा फोर बाय फोर) लावावा, गाडी सरळ रेषेत थोडी पुढे घ्यावी, मग इंजिन बंद करून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम अडसर लावावेत आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला तर दोष ट्रान्सफर केसकडे, म्हणजे मोटार, तिची वायरिंग किंवा आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) यांत आहे. माझ्या गाडीत तो किंचितही हलला नाही. त्यानंतर पुढचे एक चाक जॅकवर उचलले, तर ते दोन्ही दिशांना मोकळे फिरत होते. ट्रान्सफर केस आपले काम करून बसली होती आणि ॲक्सल तुटकच राहिला होता. मोटारीवरचा आरोप तिथेच संपला.

उरला व्हॅक्यूम. पेट्रोल इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) मिळतो, गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना साधारण 17 ते 21 इंच पारा (व्हॅक्यूमचे माप) इतका. डिझेलमध्ये तशी सोय नसल्याने वेगळा पंप असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याच पंपावर ब्रेक पेडल हलके करणारा ब्रेक बूस्टरही चालतो. ब्रेक पेडल नेहमीसारखे हलके असल्यामुळे पंपाला दोष देण्याचे कारण नव्हते. डायफ्रामच्या दोन्ही नळ्या काढून, फोर बाय फोर लावणाऱ्या तोंडावर हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप जोडला आणि दुसरे तोंड मोकळे ठेवले. काटा चढला आणि तिथेच थांबला, म्हणजे डायफ्राम गळत नव्हता. चाक थोडे पुढेमागे हलवताच आत कॉलर बसल्याचा आवाज आला आणि तो दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. इंजिन बंद होते, गाडी जॅकवर होती, आणि सर्व्हिस सेंटरने नापास केलेली मोटार आपल्या जागी शाबूत होती.

दोष निघाला तो रबरी नळीत. इंजिनच्या उष्णतेने नळी कडक होते हे सर्वांना माहीत असते. परंतु तिला पडलेली चीर डोळ्यांना दिसत नव्हती. नळी सरळ धरली की चीर मिटून जाई आणि क्लॅम्पपाशी नळी जशी वळते तशी वाकवली की नखाएवढी फट उघडे. म्हणूनच टेबलावर ठेवून तपासलेली नळी चांगली ठरते आणि गाडीत बसवली की हवा खाते. मी डायफ्रामपासून सोलेनॉइडपर्यंतच्या (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपेपर्यंतच्या) दोन्ही नळ्या बदलल्या, आणि त्या व्हॅक्यूमसाठीच्याच घेतल्या, कारण पातळ भिंतीची साधी नळी आत ओढली जाऊन चपटी होते.

त्या वेळी माझे मत असे झाले होते की व्हॅक्यूमची ही भानगडच काढून टाकावी आणि चाकांना हाताने फिरवायचे, चाक ॲक्सलशी जोडणारे लॉकिंग हब बसवावेत. आता काही महिने गाडी वापरल्यावर ते मत राहिलेले नाही. चिखलात उतरून दोन्ही चाकांशी वाकण्यापेक्षा वर्षातून एकदा नळ्या वाकवून पाहणे मला परवडते. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर बाय फोर लावून चालवतो, म्हणजे कॉलर आणि फोर्क यांना तेल मिळते. दिवा आता दोनतीन सेकंदांत स्थिर होतो.

मध्यंतरी उलटी अडचण आली. फोर बाय फोर काढून टू-व्हीलला (दोन चाकांच्या ताकदीवर) परत येताना दिवा लुकलुकत राहू लागला. या वेळी नळ्या निर्दोष होत्या. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असल्यामुळे चाकांचा घेर वेगळा पडत होता आणि कडक रस्त्यावर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठत होता. कॉलरवर तो ताण असताना ती सुटणे शक्य नव्हते. सरळ रेषेत थोडे रिव्हर्स घेतले की ती लगेच सुटे. मागचे टायर पूर्ण झिजेपर्यंत ओढण्याचा बेत सोडावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्यांत अजून बरेच रबर शिल्लक होते. चारही टायर सारखे झाल्यापासून तो त्रास पुन्हा झालेला नाही. फोर-लो (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा फोर बाय फोर) मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय लागत नाही आणि तसाच लागायला हवा. चालत्या गाडीत तो लागत नाही म्हणून कोणी मोटार बदलायला सांगत असेल, तर गाडी घेऊन सरळ परत यावे.