व्हाइटटेलसाठी घडवलेला ट्रेल कॅमेरा येवल्याच्या माळावर कसा चालतो

खोक्यावर फांद्याफांद्यांच्या शिंगांचा जो धिप्पाड नर छापलेला असतो, तो आपल्याकडचा नाही. तो व्हाइटटेल, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा, आठ एए सेलवर चालणारा, सिमकार्ड नसलेला, आत छोटा पडदा असलेला हा ट्रेल कॅमेरा एकाच बनावटीत निरनिराळ्या नावांनी ऑनलाइन मिळतो. नाव कुठलंही असलं तरी पुढचं सगळं लागू पडतं.

यंत्र घेण्यासारखं आहे. मात्र सोबतची पुस्तिका आणि आधीच भरून आलेल्या सेटिंग्ज तिकडच्या शिकाऱ्याच्या ऑक्टोबर महिन्यासाठी जुळवलेल्या असतात. त्या तशाच ठेवून येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या गवतात काळविटासाठी कॅमेरा लावला, तर कार्ड भरतं ते हलत्या गवताच्या फोटोंनी. आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून इथे कॅमेऱ्याचा उपयोग पाहणं आणि नोंद ठेवणं, एवढाच.

तरी तिकडची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण कॅमेऱ्यातली प्रत्येक सोय तिच्यातूनच आली आहे. व्हाइटटेलचा माज दिवसाच्या लांबीवर ठरतो. दिवस आखडू लागले की सप्टेंबरच्या सुरुवातीला नर शिंगांवरची मखमली कातडी घासून काढतात, उन्हाळाभर एकत्र चरणारे नरांचे कळप फुटतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत नर आपापल्या खुणा करत फिरू लागतात. उत्तरेकडच्या बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष समागमाचा भर नोव्हेंबरच्या मध्यावर असतो. त्याआधीचे दोन-तीन आठवडे शिकाऱ्याच्या सर्वाधिक कामाचे, कारण नर अस्वस्थ झालेला असतो पण अजून मादीमागे सैरावैरा पळत नसतो. त्याच्या वाटा ओळखता येतात. लोंबत्या फांदीखाली तो खुरांनी माती उकरतो, त्यात मुततो आणि फांदीला तोंडाचा, डोळ्यांजवळचा वास लावतो. अशा उकरलेल्या जागेवर कॅमेरा, माद्यांच्या बसण्याच्या झाडीपासून शेताकडे जाणाऱ्या वाटेवर दुसरा, आणि माणसाने बसायचं ते वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला. सकाळी जमीन तापते तशी हवा चढावर सरकते आणि संध्याकाळी उताराला येते, म्हणून सकाळची व संध्याकाळची बसायची जागा वेगळी. या खुणांवरच्या बहुतेक भेटी रात्रीच्या असतात. म्हणून तिथे कॅमेरा आधी सांगतो की हा नर उजेडात येतो का, आणि मगच शिकारी तिथे बसतो.

आता काळवीट. हे खरं तर हरीण नव्हे, कुरंग, म्हणजे अँटिलोप. शिंगं गळत नाहीत. माज वर्षभर चालतो, जोर साधारण मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर असा दोनदा. लोंबत्या फांदीच्या जागी इथे लेंड्यांचा ढीग आहे. हद्द धरून बसलेला नर पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो आणि आसपासच्या गवताच्या काड्यांना, काटक्यांना डोळ्यांपुढच्या ग्रंथीचा स्राव पुसतो. व्हाइटटेलच्या उकरलेल्या मातीचं काम इथे हा ढीग करतो, तेव्हा पहिला कॅमेरा त्यावरच हवा. ताज्या, काळ्या चकाकत्या लेंड्या वर आणि पांढुरक्या सुकलेल्या खाली असा थर दिसला की ढीग वापरात आहे. नुसत्या सुकलेल्या असतील तर पुढे जावं. एक फायदा मात्र आपल्याकडे जास्त आहे. व्हाइटटेलची शिंगं दरवर्षी नवी येतात. काळविटाच्या शिंगांचे पीळ आणि टवके टिकतात, त्यामुळे एकच नर पुढच्या वर्षीही ओळखता येतो.

सगळ्यात मोठी अडचण सेन्सरची. हा सेन्सर आकृती पाहत नाही. समोरच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही आडवं सरकलं तर तो जागा होतो. अमेरिकेतल्या थंड सकाळी हे सोपं आहे. येवल्यात एप्रिल-मे महिन्यांत उघडी जमीन सकाळी तापत तापत जनावराच्या अंगाइतकी होते, मग त्याहून कितीतरी गरम होते, आणि संध्याकाळी निवताना पुन्हा त्याच तापमानातून जाते. या दोन वेळांना, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि सूर्यास्ताच्या आसपास, समोरून काळवीट गेलं तरी कॅमेरा गप्प राहू शकतो. भर दुपारी तो टिपेल, पण तापलेलं कुसळी गवत वाऱ्याने हललं तरी टिपेल. संवेदनशीलता 'हाय'वर असते, ती 'मीडियम'वर आणावी. खोक्यावर लिहिलेला पंचवीस मीटरचा पल्ला विसरावा. काळविटाचा नर पस्तीस-चाळीस किलोचा, व्हाइटटेलच्या मोठ्या नराच्या निम्म्याहूनही लहान; दहा-बारा मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. आणि वाटेच्या नेमका समोर कॅमेरा लावू नये. सरळ अंगावर चालत येणारं जनावर सेन्सरला उशिरा कळतं. वाटेशी ४५ अंशांचा कोन ठेवला की बाजू, तोंड, शिंगं सगळं मिळतं.

याच उणिवेवर उपायही कॅमेऱ्यातच आहे, आणि आमच्या मते आपल्या माळासाठी ही या यंत्रातली सर्वांत मोलाची सोय. ती म्हणजे टाइमलॅप्स, सेन्सरची वाट न पाहता ठरावीक अंतराने आपोआप फोटो. अमेरिकेत ती मोठ्या शेताच्या कडेला, सेन्सरच्या पल्ल्याबाहेरची हरणं मोजायला वापरतात. काळवीट दिवसा वावरतं आणि उघड्यावर राहतं, त्यामुळे ती इथे अगदी चपखल बसते. सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ७, दर पाच मिनिटांनी एक फोटो ठेवला की दिवसाला ७२ फोटो होतात. एक फोटो तीन एमबीचा धरला तरी दिवसाला सव्वादोनशे एमबीच्या आत, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डवर चार महिने सहज. रात्रीच्या फोटोंसाठीचे इन्फ्रारेड दिवे दिवसा पेटत नाहीत, त्यामुळे सेलही टिकतात. कळप कुठून येतो, हद्दीचा नर कुठे उभा राहतो, शेजारच्या मुगात किंवा मक्यात कधी शिरतो, हे आठ दिवसांत स्पष्ट होतं.

मेगापिक्सेलचा आकडा दिशाभूल करणारा आहे. ३६ किंवा ४८ लिहिलेलं असलं तरी आतला चित्र टिपणारा सेन्सर त्याच्या अंशाइतकाच असतो आणि उरलेले ठिपके सॉफ्टवेअर भरतं. रिझोल्यूशन ८ मेगापिक्सेलवर ठेवा. तपशील तेवढाच राहतो, कार्ड वाचतं. रात्रीसाठी ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोचतात, पण समोरून पाहणाऱ्याला मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत. फोटो थोडा दाणेदार येतो. काळविटासाठी फरक पडत नाही. पण रस्त्याजवळ कॅमेरा असेल तर चोरीच्या भीतीने ९४०च घ्यावा.

माळावर पट्टा बांधायला झाड कुठलं? सोबतचा पट्टा इथे निरुपयोगी. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा १.२ मीटर लोखंडी अँगल कापून घ्यावा, एक टोक तिरकं, वर दहा सेंटिमीटरची चौकोनी पट्टी वेल्ड करून तिला पाव इंची बोल्टाचं भोक. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडचा पाव इंची आटा असतो, तो त्यावर बसतो. साठ सेंटिमीटर जमिनीत गेला की भिंग जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर येईल असा कॅमेरा बसवा. पुस्तिकेतला तीन फूट हा व्हाइटटेलच्या छातीचा हिशोब आहे. मुरमात अँगल पक्का बसतो. काळ्या मातीत मात्र उन्हाळ्यात भेगा पडल्या की तो झुकतो, आणि महिनाभर आभाळाचे फोटो येतात. तिथे बुडाशी दगड ठोकून घ्यावेत.

तोंड उत्तरेला. नाशिकमध्ये जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, त्यामुळे ईशान्य नको. नेमकी उत्तर बाराही महिने सुरक्षित आहे.

सेलबाबत काटकसर नडते. साधे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात; आठही एकापाठोपाठ जोडलेले असतील तर १२ ऐवजी ९.६ व्होल्टच मिळतात, आणि दिवसाचे फोटो नीट येत असताना रात्रीचे काळे पडू लागतात. दोष कॅमेऱ्याचा वाटतो, असतो सेलचा. निफाड-येवल्याच्या डिसेंबरमधल्या थंडीत अल्कलाइनही लवकर बसतात. लिथियम एए महाग, पण थंडीत टिकतात आणि गळत नाहीत. जुने-नवे मिसळू नयेत.

पावसाळ्यात पाणी पुढून क्वचित जातं, जातं ते रबरी कडेवर अडकलेल्या गवताच्या काडीमुळे. झाकण लावताना कड बोटाने पुसा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा, दर भेटीला बदला. मुंग्या मायक्रोफोनच्या भोकातून शिरतात. व्हिडिओचा आवाज नको असेल तर भोकावर टेप.

फोटोच्या पट्टीवर तापमान फॅरेनहाइटमध्ये आणि तारीख महिना-दिवस अशी उलटी येते. पहिल्याच दिवशी बदला. ५ ऑगस्ट की ८ मे, हा घोळ नंतर सुटत नाही, आणि काळविटाच्या माजाच्या नोंदीत दोन्ही महिने येतात. चंद्राची कलाही छापलेली येते. ती तिकडच्या शिकाऱ्यांची आवड, आपल्याला निरुपयोगी.

स्वतःच्या शेतात कॅमेरा लावायला अडचण नाही. राखीव क्षेत्रात मात्र येवल्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक खुंटीही ठोकू नये, आणि तिथलं गवत फोटोसाठी कापू नये. मेंढपाळांना आधी भेटून सांगावं. ज्याला माहीत असतं तो उपटत नाही. हद्दीच्या नराची जागा फोटोसोबत जाहीर करू नका, तोच फोटो चोरट्या शिकाऱ्याचा नकाशा होतो. फासे किंवा संशयास्पद माणसं दिसली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

लावून निघण्यापूर्वी 'टेस्ट' मोडमध्ये काळविटाच्या उंचीइतकं वाकून समोरून आडवं चालावं, पाच, आठ, बारा मीटरवर. पुढचा दिवा लुकलुकला नाही तर भिंगाचा कोन दोन बोटं खाली करून पुन्हा चालावं. मग स्विच 'ऑन'वर. तो 'टेस्ट'वरच राहून गेला तर कार्ड रिकामंच येतं.