परवानगी ते ओसी (घर वापरायचा दाखला), फाईलचं काम करणारं इंजिनिअरचं ऑफिस, नागपूर : ५ पैकी ३.५

मी छोट्या घरांचे ठेके घेतो, बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या साईडला. यावेळच्या घरमालकानं नकाशा, मंजुरी, प्लिंथ (जोत्याचं) चेकिंग, ओसी सगळं या ऑफिसला पॅकेजमध्ये दिलं होतं, म्हणून माझा यांच्याशी संबंध आला. फाईल कोणत्या सरकारी ऑफिसात आहे ते लिहीत नाही, ओसी बाकी आहे अन् मला याच शहरात धंदा करायचा आहे.

ज्यांनी कधी बांधकाम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ठेकेदार अन् चेकिंगला येणारे साहेब यांचं काऊन जमत नाही. सगळं तोंडी चालते ना भाऊ. एक जेई (सरकारी ज्युनिअर इंजिनिअर) साईटवर येतात, फिरतात, म्हणतात ठीक आहे, चालू द्या. मग त्यांची बदली होते, नवे येतात अन् विचारतात, हे कोणी सांगितलं तुम्हाला? आता काय दाखवणार? तिकडे छिंदवाड्याचे मजूर बसून, रोजी चालू, सेंट्रिंगचं भाडं चालू, मालकाचा दर तासाला फोन, "साहेब येऊन गेले का?" अन् मजूर एकदा गावाला गेले की पोळा झाल्याशिवाय तोंड दाखवत नाहीत. पण साहेबांचीही बाजू आहे, एकेका जेईकडे एवढा मोठा एरिया असतो, अन् आमच्या लाईनमधले लोक काही कमी नाहीत. नकाशात मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) अन् साईटवर तिथं संडास, असे नमुने मी स्वतः पाहिले आहेत. वरून मालकच म्हणतो, दोन फूट पुढं घेऊन टाका न भाऊ, कोण पाह्यते.

या ऑफिसचं मला काय आवडलं तर हे लोक तोंडी काहीच ठेवत नाहीत. आमच्याकडे प्लिंथ चेकिंगला साहेब आले, त्यांनी टेप लावला तो बाजूवाल्याच्या कंपाऊंड वॉलच्या आमच्याकडच्या कडेपासून, अन् म्हणाले मार्जिन साडेचार इंच कमी आहे, काम बंद ठेवा. माझा मिस्त्री लगेच तापला. या ऑफिसचा इंजिनिअर, पोरगाच आहे तसा, काही बोलला नाही, गाडीतून मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) काढली, कोपऱ्यातला हद्दीचा दगड माती बाजूला करून दाखवला अन् म्हणाला, साहेब, भिंत नऊ इंची आहे अन् हद्दीवर मधोमध बांधलेली आहे, अर्धी आमच्यात आली, हद्द इथून आहे. दगडापासून टेप धरला तर मंजूर नकाशातलं दीड मीटर बरोबर भरलं. साहेब हसले पण नाहीत अन् चिडले पण नाहीत. त्यानंतर पोरानं काय केलं तर तिथंच मोजमापाचा कागद लिहिला, साहेबांची सही घेतली अन् एक कॉपी माझ्याकडे दिली. मधे साहेब बदलले, तेव्हा तोच कागद दाखवला, विषय दोन मिनिटात संपला. सेटिंगबिटिंग करत नाही हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, मला तेव्हा वाटलं होतं सगळेच असं म्हणतात.

दुसरं म्हणजे प्लॉटचे कागद नीट पाहतात. आपल्याकडे ५७२ अन् १९०० लेआऊटचा (आधी अनधिकृत, मग नियमित करायला घेतलेले) गोंधळ माहीतच आहे, गुंठेवारीच्या प्लॉटला आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे की नाही हे यांनी नकाशाची लाईन मारायच्या आधी विचारलं. बरेच जण फी घेऊन मग सांगतात. अन् अजून एक गैरसमज, डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) आलं तेव्हापासून लोकांना वाटते १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही. असं नाही हो. लायसन्सवाल्या माणसानं नियमात बसवलेला नकाशा द्यावा लागते, पैसे भरावे लागतात, तेव्हा त्या पावतीवर काम सुरू होते, अन् नियम मोडला तर एमआरटीपी (नगररचना कायदा) च्या कलम ५३ ची नोटीस छोट्या प्लॉटलाही येते. हे त्यांनी आमच्या मालकाला शांतपणे समजावलं, माझं तर तो ऐकतच नव्हता.

आता जाच पण ऐका. हे लोक सरकारी साहेबांपेक्षा जास्त त्रास देतात. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी येऊन कव्हर ब्लॉक (सळईखालचे ठोकळे) मोजले, रिंगांचे हूक आत वळले नव्हते म्हणून बारबेंडरला परत बसवलं. नवतपा चालू होता, मिस्त्री म्हणाला सात दिवस पाणी मारू, या इंजिनिअर पोरानं सांगितलं पीपीसी (मिश्र) सिमेंट आहे अन् एवढं ऊन आहे, चौदा दिवस. अन् कॉलमवर खडूनं तारीख लिहून गेला! राग आला, पण चूक काय बोलला तो.

दीड स्टार कापला तो पैशासाठी. कोटेशनमध्ये यांची फी अन् सरकारी डिमांड (सरकारला भरायची रक्कम) वेगळी लिहिलेली नाही. मालकाला वाटलं पॅकेज म्हणजे सगळं आलं, मग डिमांड आली, त्यात बांधकाम खर्चाच्या १ टक्का लेबर सेस (मजूर कल्याणाचा उपकर), तो तर मालकाच्या ध्यानीमनीही नव्हता, अन् भांडण माझ्या अंगणात. दुसऱ्याकडून सगळं लेखी घेणाऱ्या माणसानं स्वतःचं बिल तोंडी ठेवावं, हे काही पटलं नाही. जिना थोडा बदलला तर रिव्हाईज नकाशाचे वेगळे पैसे मागितले, तेही आधी सांगितलं नव्हतं. फोन तर उचलतच नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री उत्तर येते.

जाणार असाल तर फी, डिमांड अन् रिव्हाईजचा रेट, तिन्ही एका कागदावर सहीनं मागा. सातबारा किंवा आखीव पत्रिका, आरएल अन् मोजणी असेल तर क प्रत सोबत न्या. अन् संध्याकाळीच जा, दिवसभर सगळे साईटवर असतात, ऑफिसात फक्त टायपिंगवाल्या ताई भेटतात.